डावा डबा

माझ्या दुकानात सात महिने एक सागवानी डबा पडून होता. डबा म्हणजे स्पीकर, कमरेएवढा उंच, आम्ही दोघांनी मिळून बनवलेला. तो माझा नव्हता. ज्याचा होता तो माझा मित्र आलापल्लीच्या पलीकडे आपल्या माडिया गोंडांच्या गावात अंथरुणाला खिळला होता, आणि मरायच्या आधी त्याला त्या डब्यातून आपल्या गेलेल्या बायकोचं गाणं ऐकायचं होतं. मला हे माहीत होतं. डबा नेताना मी आठ दिवसांचा वायदा केला होता. हे लिही म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. मनात ठेवून ठेवून वीट आला म्हणून लिहितो.

चंद्रपूर जिल्ह्यात मूलला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणजे रोज शटर उघडतो. टीव्ही आता कोणी दुरुस्त करत नाही, फेकतात आणि नवा आणतात. धानाच्या गिरण्यांच्या मोटारी, स्टार्टर येतात, त्यावर चहापाणी निघतं. पण माझा जीव पहिल्यापासून आवाजात. इथलं जुनं टुरिंग टॉकीज मोडीत निघालं तेव्हा लोक पत्रे आणि खुर्च्या न्यायला धावले, मी पडद्यामागचे स्पीकर उचलून आणले. बायको म्हणाली, हे तर चुलीत घालायच्याही कामाचे नाहीत. तिचं म्हणणं मी कधी मनावर घेतलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

आमचा मोबाइलवर एक गट आहे. वडशाचे एक बँकेतले कॅशियर, बल्लारपूरचे एक रिटायर रेल्वेवाले, चंद्रपूरचे एक मास्तर, आणखी दहा-बारा जण. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. दिवसभर विषय एकच. बाहेरदेशातून येणाऱ्या त्या लाखो-करोडोंच्या सिस्टिमना नावं ठेवायची, आणि तसलीच वस्तू आपण भंगारातून कशी उभी केली याचे फोटो टाकायचे. हातभर वायर कोणीतरी मोटारगाडीच्या किमतीला घेतली, हे वाचून आम्ही आठवडाभर हसलो होतो. त्या हसण्यात जळफळाट किती होता ते आज कळतं. ऐपत असती तर आमच्यातले अर्धे तरी गुपचूप तीच वायर घेऊन बसले असते.

गरीब असलो तरी सोवळं आमचंही कडक. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे डावं-उजवं एकत्र करायचं नाही. रेकॉर्डिंग करताना दोन माइक लावतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. ऐकताना डाव्या माइकचं डाव्या डब्यातून यायला पाहिजे, उजव्याचं उजव्यातून. मग डोळे मिटले की कोण कुठे बसलंय ते दिसतं. दोन तारा एकत्र पिळल्या की दोन्ही बाजूंचं एकाच डब्यातून ऐकू येतं, त्याला मोनो म्हणतात. काम दोन मिनिटांचं. आमच्या गटात मोनो हा शब्द आम्ही शिवीसारखा वापरायचो.

माझा मित्र आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत नोकरीला होता. जन्मभर सागवान चिरत, मोजत आला. मी डब्यासाठी लाकूड शोधत तिकडे गेलो तेव्हा ओळख झाली. मी फळीचा रंग बघत होतो, त्याने माझ्या हातातून ती काढून घेतली, बोटाच्या पेरांनी दोन-तीन ठिकाणी ठोकली, कान लावला आणि बाजूला ठेवून दिली. दुसरी ठोकली, तीही ठेवून दिली. पाचवी माझ्या हातात दिली. मी त्या वेळेपर्यंत पुस्तकं वाचून आणि आकडेमोड करून डबे बनवत होतो, आणि त्यातला एकही मनासारखा झाला नव्हता. त्या पाचव्या फळीचा डबा झाला.

मग येणं-जाणं सुरू झालं, ते वीसेक वर्षं चाललं. तो रिटायर होऊन गावी गेला तेव्हा त्याच्या जुन्या घराचा एक भाग पाडला होता. दाराच्या फळ्या आणि तुळया, त्याच्या आजोबाच्या वेळचं सागवान. तो म्हणाला, याचे दोन डबे करू. सहा महिने लागले. माप माझं, हात त्याचे. आत भरायला लोकर लागते असं पुस्तकात होतं, त्याने सावरीचा कापूस आणला. जाड आणि बारीक आवाजांची वाटणी करणारी तांब्याच्या तारेची वेटोळी मी हाताने गुंडाळली. स्पीकर टॉकीजमधले. गावात लाइटचा भरवसा नव्हता म्हणून सोलरच्या बॅटरीवर चालेल असा छोटा अ‍ॅम्प्लिफायर करून दिला. काम करताना आमचा खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू, चालूच असायचा. एक पन्नी संपली की दुसरी. त्याच्या बायकोने एकदा पन्नी ओढून चुलीत टाकली, आम्ही दोघं पोरांसारखे खिदळलो.

डबे झाले त्या वर्षी त्यांच्या गावात एक लग्न होतं. दुपारी मांडवाखाली बायकांचं रेला सुरू झालं. रेलाची रीत अशी, की बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात. एक ओळ गाणं टाकते, दुसरी ते उचलून उत्तर देते. गाणं टाकणाऱ्या ओळीत मधोमध त्याची बायको होती. मी माझा रेकॉर्डर काढला, एक माइक तिच्या ओळीसमोर लावला, दुसरा उत्तर देणाऱ्या ओळीसमोर. तासभर घेतलं. त्याच्या घरी दोन डबे मांडून लावलं तेव्हा डाव्या डब्यातून तिचा आवाज निघाला, उजव्यातून उत्तर आलं, आणि मधल्या जागेत ती बसली होती, स्वतःचं गाणं ऐकत, पदर तोंडावर घेऊन. मी जन्मात ऐकलेला सगळ्यात खरा आवाज तो. पुढच्या पावसाळ्यात ती काविळीने गेली.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी जेवायच्या आधी ते लावायचा. मुलगी सांगायची, बाबा डाव्या डब्यासमोर बसतेत. ही मुलगी अंगणवाडीत मदतनीस आहे, नवऱ्यासह बापाजवळच राहते. मला वाटायचं, चला, आपला शौक कोणाच्या कामी आला.

मागच्या वर्षी त्याच्या गालाच्या आत चट्टा उठला, तोंड उघडेना. नागपूरला नेलं, खर्र्याचाच रोग निघाला. मी भेटायला गेलो तेव्हा तो दवाखान्याचं काही बोलला नाही. डावा डबा खरखरतो, एवढंच बोलला. मी कान लावला. आतला एक सांधा सुटत होता, घरी सोल्डर नव्हता. मी म्हटलं, नेतो, आठ दिवसांत आणून देतो. चामोर्शीच्या बसमध्ये दोन पाय आणि डबा एका सीटवर कोंबून मी मूलला आलो. दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली. चहा गार व्हायच्या आत.

डबा दुरुस्त करून टेबलावर ठेवला आणि चार दिवसांनी एक ठेकेदार दुकानात आले. कोरपन्याकडे सिमेंटच्या गाड्या चालतात, त्यात त्यांचे पंचवीस-तीस ट्रक. गटातल्या मास्तरांनी माझं नाव सांगितलं होतं. माणूस साधा, हसरा. त्यांनी डबा ऐकला, पुन्हा ऐकला, आणि आपल्या घरी यायचं निमंत्रण दिलं.

त्यांच्या घरातली ती खोली मी विसरणार नाही. बाहेर झाडाच्या पानावर सिमेंटची भुकटी आणि आत धुळीचा कण नाही. दार बंद केलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. माणसाएवढे दोन स्पीकर बाहेरदेशातून लाकडी पेट्यांत आलेले. मनगटाएवढ्या जाड वायरी, त्या जमिनीला लागू नयेत म्हणून खाली लहान लहान स्टँड. नुसत्या त्या खोलीसाठी वेगळं मीटर आणि वेगळं अर्थिंग. तेवढ्या पैशात गाव वसलं असतं, आणि हे मी नंतर गटात लिहिलंही, पण त्यांनी बटण दाबलं आणि मी गप्प झालो. आवाज चांगला होता. फार चांगला होता. मला राग आला.

रागाच्या भरात मी बोलून गेलो की माझा डबा तुमच्या एका स्पीकरसमोर ठेवा, मध्ये चादर टांगा, कोणता कोणाचा ते ऐकणाऱ्यांना ओळखू द्या. ठेकेदारांना कल्पना भयंकर आवडली. फक्त त्यांची एक नवी वायर यायची होती, ती आली की करू म्हणाले. गटात बातमी गेली. सगळे मला चढवायला लागले, आपल्या लोकांची इज्जत तुमच्या हातात आहे वगैरे. मी डब्यातली वेटोळी काढून पुन्हा गुंडाळली. मग आणखी एकदा. वायर काही येत नव्हती. महिने चालले होते.

पहिला फोन मित्राने स्वतः केला. ऑपरेशन व्हायचं होतं.

"भाऊ, एकाच डब्यात ते दूर गेली," तो म्हणाला. "पयले समोर बसून म्हने, आता नाल्याच्या तिकडून म्हनते."

बरोबरच होतं. उजवा माइक उत्तर देणाऱ्या ओळीसमोर होता, त्यात त्याच्या बायकोचा आवाज लांबून आल्यासारखा, पुसट आला होता. मी त्याला ते समजावून सांगितलं. अगदी सविस्तर, मास्तरसारखं. तो ऐकत राहिला. मग त्याने विचारलं की आलापल्लीचा मोबाइल दुरुस्तीवाला म्हणतो, दोन तारा जोडून देतो, दोन्हीकडचं या एकाच डब्यात येईल, करू का.

मी उडालोच. त्या टपरीवाल्याला माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला हात लावू देऊ नको म्हणालो. मोनो केलं की रेकॉर्डिंगचा सत्यानाश होईल, एवढ्या मेहनतीने घेतलंय, थोडा धीर धर, डबा आणतोच. तो बरं म्हणाला. माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता, लाकडाच्या बाबतीत मी त्याचा मोडत नव्हतो तसाच.

दुसरा फोन ऑपरेशननंतरचा. अर्धा जबडा काढला होता. तो बोलत होता आणि मला एक शब्द कळत नव्हता. लाज वाटून मी हो हो करत राहिलो. शेवटी मुलीने फोन घेतला आणि म्हणाली, "डबा कवा आनून देता म्हनून विचारून राह्यले, काकाजी." मी पुढच्या रविवारी म्हणालो. त्या रविवारी ठेकेदारांची वायर आली.

त्या दिवशी काय झालं ते सांगायला मला अजून कसंतरी होतं. चादर टांगली. ऐकायला पाच जण, ठेकेदारांचे मित्र. एका बाजूला त्यांचा एक परदेशी स्पीकर, दुसऱ्या बाजूला माझा डबा. माझा कसला, त्याचा. वाजवायला मी रेलाचंच रेकॉर्डिंग नेलं होतं, कारण त्याच्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. आणि दोन्हीकडे एकेकच स्पीकर असल्यामुळे, गाणं अर्धवट वाटू नये म्हणून, मी स्वतः खाली वाकून दोन तारा एकत्र पिळल्या. मोनो केलं. हात जराही थांबला नाही. सत्यानाश वगैरे काही आठवलं नाही.

त्या थंडगार खोलीत, गोंडीचा एक शब्दही न कळणाऱ्या पाच लोकांसमोर, माझ्या मित्राची बायको गाणं टाकत होती आणि समोरच्या बायका उत्तर देत होत्या, सगळं एका डब्यातून, स्वच्छ. पाचांपैकी तिघांनी आमच्या डब्याकडे बोट दाखवलं. ठेकेदारांनी माझी पाठ थोपटली आणि पेढे मागवले. गटात मी फोटो टाकला. दिवसभर अभिनंदनं येत राहिली. ठेकेदार म्हणाले, पंधरा दिवस डबा इथेच राहू द्या, दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकायचाय. मी ठेवून आलो. येताना बसमध्ये मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो.

अकराव्या दिवशी मुलीचा फोन आला की बाबा गेले. माती झाली होती. मला कळवायला उशीर झाला, कारण गावात दोन दिवस नेटवर्क नव्हतं.

ठेकेदारांना सांगितलं तर ते स्वतः डबा घेऊन मूलपर्यंत आले, आणि त्यांच्याच गाडीतून मला पुढे पाठवलं. आष्टीचा पूल ओलांडला, आलापल्ली मागे पडलं. मी डब्यावर हात ठेवून बसलो होतो. मनाशी ठरवलं होतं की डबा त्याच्या जागेवर ठेवायचा. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याच्या वापरातल्या वस्तू त्याला पुरलं तिथे नेऊन ठेवतात.

मुलीने मला तिकडे नेलं. मोहाच्या झाडाखाली नवी माती होती. तिच्यावर त्याची खाट उलटी घातलेली, बाजूला भाताचं जर्मनचं गंज, छत्री, डेपोतला लाकूड मोजायचा टेप आणि उजवा डबा. फळीवर पाण्याचे ओघळ उठले होते आणि खालच्या कडेला वाळवीची माती चढायला लागली होती. मी माझ्या हातातला डबा त्याच्या शेजारी टेकवला. मुलीच्या मागे आलेला एक म्हातारा, तिचा मोठा काका, पुढे झाला आणि डबा उचलून माझ्या हातात परत दिला. त्याने गोंडीत काहीतरी सांगितलं. मुलीने सांगितलं की जे त्याच्या हाताशी शेवटपर्यंत होतं तेच इथे ठेवतात, आणि हा डबा घरात नव्हता.

डबा घेऊन मी मुलीबरोबर तिच्या घरी आलो. ती चहा ठेवायला गेली. अ‍ॅम्प्लिफायर भिंतीशी तसाच होता, वर पेन ड्राइव्ह खोचलेला. चहा देताना ती सहज, गाऱ्हाणं न करता बोलली. बाबा रोज लावायचे. शेवटी बसवत नव्हतं तर खाट डब्याला लावून घेतली होती, डब्याच्या जाळीला कान टेकवून झोपायचे. उत्तर देणाऱ्या बायका कानात ओरडायच्या, आणि आईचा आवाज त्यांच्या मागून कुठूनतरी. मोबाइलवाला दोनदा घरी येऊन गेला, पक्कड घेऊन. दोन्ही वेळा बाबांनी हाताने नाही म्हटलं. बोलता येत नव्हतं तर पाटीवर लिहून दाखवलं, भाऊ नाई म्हनते.

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. तिने विचारलं, "मोनो म्हन्जे काय, काकाजी?"

मी उठलो. डावा डबा अ‍ॅम्प्लिफायरजवळ सरकवला. मागच्या दोन तारा सोलून एकत्र पिळल्या, डब्याला जोडल्या, बॅटरीची पट्टी लावली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बटण दाबलं. तिची आई गायला लागली, समोर बसल्यासारखी, आणि तिने जागा सोडली तिथे बायकांनी उत्तर उचललं. दाराशी शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक त्या उत्तर देणाऱ्या ओळीत होती, ती हलक्या आवाजात सोबत म्हणायला लागली. म्हातारा काका ओट्यावर बसला होता, त्याने तोंड फिरवलं.

मुलगी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकून त्या पिळलेल्या तारांकडे बघत होती. गाणं संपेपर्यंत बघत होती. मग तिने बोटाने त्यांना हात लावला.

"एवढंच काम होतं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि विसळायला गेली.